चतुराची पेशी

ॲडलेडच्या ट्राममध्ये ग्लेनिसच्या मागच्या बाकावर प्रयोगशाळेतले दोघे बोलत होते.

“टोबिन, त्या चतुर किड्याच्या मेंदूतली पेशी मेली बघ. सुईतून स्पीकरवर येणारी तिची तडतड थांबली, मग मी सुई काढून टाकली.”

“त्याच्या डोळ्यांसमोर पडद्यावर ठिपका कुठून नेत होतीस?”

“त्याच रेषेतून, सारखा.”

“मग मेली कशाला, सरावली ती. ठिपका जरा वरून न्यायचास, लगेच तडतडली असती.”

“म्हणजे जिवंत पेशी घालवली मी?”

“आणि चतुर पकडायला तळ्यात मी उतरलो होतो, अनेके.”

“बरं बाबा, उद्या मी उतरते.”

ग्लेनिस आपल्या स्टॉपवर उतरली. रोज ती घरी पुढच्या दाराने आली की तिचा नवरा मर्व्ह पेपरातून मानही वर करत नसे. आज ती मागच्या दाराने शिरली.

“कोण आहे?” म्हणत त्याने पेपर खाली ठेवला.