दुसरी खेप

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

"ताई, कुणाला सांगू नकोस. घरी यांनाही बोलले नाही मी."

"काय झालं?"

"काल बागेतून तिळ्यांना घेऊन निघाले. दोघं बाबागाडीत, एक कडेवर. घराचं कुलूप काढताना लक्षात आलं, थोरली बागेतच राहिली."

"अगं, पाच वर्षांची पोर ती!"

"तिघांना शेजारणीकडे टाकलं आणि धावत सुटले. झोपाळ्यापाशी उभी होती."

"रडत होती?"

"रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, 'तुझे हात भरले होते ना? म्हणून मला दुसऱ्या खेपेला न्यायला आलीस ना, आई?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."