जयंतीचं पत्र

नाही हो रत्नमालाबाई, उठू नका — येतीलच आता दोघं. तुमच्यासमोरच सांगितलं ना मी, म्युझियमला एक चक्कर मारून या म्हणून? एक! तास होत आला. इथं होती तोवर नमस्कारापलीकडं तोंड उघडलं नाही दोघांनी, आणि आता बघा! आमच्या जयंतीला झाडं दिसली की भान राहत नाही, पलीकडच्या झाडीत नेलं असेल तुमच्या नागनाथला मोर दाखवायला — आणि इथं पोहे गार झाले. क्वार्टरमध्येच बोलावणार होते तुम्हाला, पण रविवारी संध्याकाळी टीव्हीवरचा सिनेमा बघायला अख्खी रेल्वे कॉलनी आमच्याकडं. तिथं मुलगी काय दाखवायची? म्हटलं, रामनिवास बाग बरी. कसली बरी! माकडानं लाडू पळवले, आणि तुम्ही आल्यापासून हसलासुद्धा नाहीत.

पत्र? हो, आवडलं म्हणालात ना तिचं, तुमच्या सुभेदारसाहेबांनी दोनदा वाचलं म्हणे — आवडणारच, तीन दुपारी घातल्या मी त्यात — म्हणजे तिनं. तिनंच. मी नुसती शेजारी — अशा काय बघताय? बरं, मीच लिहिलं! झालं समाधान? मुलीचं मराठी पत्र हवंच म्हणून अडून बसलात तुम्ही. कुठून आणू मराठी? फुलेरा, अजमेर, जयपूर — हे गार्डाची पेटी घेऊन पुढं, आम्ही भांडीकुंडी घेऊन मागं. कुठल्या स्टेशनावर मराठी शाळा होती? बोलते घरात, 'मतलब, मतलब' करत. लिहायला बसवलं की दोन ओळींत रडकुंडीला येते. रागवायचं तर माझ्यावर रागवा, तिला पत्राचं ठाऊकसुद्धा नाही. मला भीती वाटते हो — इकडच्याच घरात पडली तर उद्या माझ्याशी बोलायला मराठी उरायचं नाही तिच्याकडं. तुमचं घर मराठी, नागनाथनं उत्तरही किती सुरेख लिहिलं, वाटलं, इथं पोरगी सांभाळली जाईल —

ते बघा, आले. हसतायत. हातात मोराचं पीस. आणि ऐकलंत? हिंदी! दोघंही! तुमचा तर धड एक शब्द मराठी बोलत नाहीय की — मग ते उत्तर... ते सुरेख, वळणदार... रत्नमालाबाई? अहो, पदराशी काय चाळा करताय, इकडं बघा.

राहू द्या. पोरं आली. हे पोहे घ्या, आणि गप्प खा.