शांतम्मांच्या फोटोसाठी घागरभर पाणी

समारंभाचे अध्यक्ष माननीय हणमंतराव शेटे, प्रमुख पाहुणे किशनराव गुरुजी, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते संगप्पाअण्णा हलकुडे, आणि समोर बसलेल्या माझ्या लातूरकर बंधू-भगिनींनो,

माझी हयात वर्तमानपत्राच्या टेबलावर गेली. ताजं असेल ते आधी सांगायचं आणि ते कुणी सांगितलं हेही लगेच सांगायचं, ही तिथली शिस्त. निरोपाच्या भाषणाची रीत वेगळी असते हे मला ठाऊक आहे. तरी आज अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून बातमी आधी देतो.

शिरूर अनंतपाळच्या सरजाबाई सोनकांबळे यांच्या घरी कैलासवासी शांतम्मा हलकुडे यांचा फोटो आहे. खालचा एक कोपरा उंदरानं कुरतडलेला आहे, पण चेहरा स्वच्छ दिसतो. आमचे तिथले वार्ताहर अमृतराव यांनी आज सकाळी तो स्वतः पाहिला आणि दुपारी लातूरला येऊन मला सांगितलं.

हे अण्णांना मी व्यासपीठावर येण्याआधीच सांगून ठेवलंय. असली खबर चारचौघांत एकदम अंगावर टाकणं बरं नव्हे. त्यांनी आधी एवढंच विचारलं, "चेहरा शाबूत हाय का?" मी हो म्हणालो. त्यावर ते खुर्चीत टेकले.

आता तुम्ही म्हणाल, लातुरात फोटो काढण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या बायकोचा एक फोटो सापडला याची बातमी कशी काय होते? तर त्यासाठी मला थोडं मागं जावं लागेल.

गंजगोलाईच्या मागच्या बोळात हलकुडे फोटो स्टुडिओ आहे. आपल्यातल्या निम्म्या लोकांची लग्नं तिथल्या फोटोवर जमली. आत शिरलं की डाव्या हाताला पत्र्याच्या टोपीतला एक मोठा दिवा, मधे स्टूल, आणि उजव्या बाजूला बांबूच्या चौकटीवर ताणलेलं पांढरं धोतर. त्या धोतराला अण्णा पडदा म्हणतात. एकच दिवा असला की चेहऱ्याची एक बाजू उजळते आणि दुसरी काळोखात जाते. पडदा धरला की दिव्याचा उजेड त्याच्यावर आपटून माघारी येतो आणि काळोखातला गाल हळूच वर येतो. किती वर यायचा, हे पडदा धरणाऱ्याच्या हातात.

तो पडदा शांतम्मा धरायच्या.

त्या औरादकडच्या. बोलण्यात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली. स्टुलावरचा माणूस ताठला की "सुम्ने बसा हो" म्हणायच्या, म्हणजे गुमान बसा. माझा स्वतःचा फोटो निघाला तेव्हा म्हणाल्या, "पेपरवाले, श्वास घ्या. फोटो हाय, फाशी न्हाई." मी हसलो आणि अण्णांनी बटण दाबलं. तो फोटो अजून माझ्या ओळखपत्रावर आहे. त्यात मी चांगला माणूस दिसतो.

(हशा होतोय, होऊ द्या. किशनराव गुरुजींच्याही फोटोत तीच करामत आहे.)

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन या सभागृहात कुणी कुणाला करायची गरज नाही. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकर ज्यांनी खाल्ली ते समोरच बसलेत. पण त्या वर्षी फोटोचा धंदा वाढला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. माणसं गाव सोडून चालली होती. जाणाऱ्याला वाटायचं, माघारी आपलं काहीतरी असावं. खडी फोडण्याच्या कामावरून लोक तसेच स्टुडिओत यायचे, पापण्यांवर धूळ आणि गाल बसलेले. शांतम्मा पडदा नेहमीपेक्षा जवळ घ्यायच्या, अगदी गालाजवळ. खळगा भरून यायचा. त्या वर्षीचे फोटो घरी असतील तर काढून पाहा. कुणी उपाशी दिसत नाही.

अडचण दुसरीच होती. कागदावर उमटलेली तसबीर पक्की करायला ती हायपो नावाच्या औषधात बुडवावी लागते, आणि मग ते औषध धुऊन काढायला पाणी लागतं. पुष्कळ आणि वरचेवर बदललेलं. औषध कागदात राहिलं तर तेच आतून तसबीर खातं. आणि गावात प्यायला पाणी नव्हतं. अण्णांनी दारावर पाटी लावली होती, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल: फोटो काढणाऱ्याने एक घागर पाणी सोबत आणावे.

लोक आणत. नवरी बाशिंग बांधून येते तसे डोक्यावर घागर घेऊन फोटो काढायला येत.

त्या उन्हाळ्यात एक जोडपं आलं. लिंबाजी सोनकांबळे आणि त्यांची बायको सरजाबाई. दोघं खडीच्या कामावर होती, आणि लिंबाजी हैदराबादला निघाला होता. घागर नव्हती. कामावर टँकर यायचा तो मुकादमाच्या मर्जीनं, त्यातून घागर भरून आणणं कसलं.

अण्णा म्हणाले, "पाणी न्हाई, तर धुवायचं कशात?"

शांतम्मा आतून म्हणाल्या, "आपला रांजण काय देवाला वाहिलाय का?"

आणि घरच्या प्यायच्या पाण्यातून लिंबाजीचा फोटो धुतला गेला. असं त्या वर्षी किती जणांचं झालं, ते मोजलं नाही कुणी. अण्णा एकदा मला वैतागून म्हणाले होते, "ही बाई गावाला पाणी पाजून राहिली, आणि आम्ही घरात जीभ ओली करून झोपतो."

लिंबाजी गेल्यावर सरजाबाई एकट्याच फोटो न्यायला आल्या. हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या. शांतम्मांनी विचारलं, "काय गं, चुकलं का काही?"

"न्हाई बाई. पर मालकाचे गाल असे कुठं व्हते?"

"त्यानं केले," शांतम्मांनी पडद्याकडं बोट दाखवलं.

"ह्या धोतरानं?"

"तर काय. धरून बघ."

इथं एक सांगायला हवं. अण्णा बायकोला कितीदा तरी म्हणाले होते, एकदा बस, तुझा एक काढतो. उत्तर ठरलेलं, "मी बसल्यावर पडदा कोण धरणार, तुमचा आजा?" त्या दिवशी पडदा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होता. अण्णांनी तिथंच सांगितलं, "शांते, बस आता." आणि काय वाटलं कुणास ठाऊक, त्या बसल्या.

सरजाबाईंनी पडदा फारच जवळ आणला. शांतम्मा हसत म्हणाल्या, "अगं, तोंडावर घालतीस का काय!" त्या हसण्यावर अण्णांनी बटण दाबलं. उजेड दोन्ही गालांवर भरपूर, सावली नाहीच म्हणा ना. धंद्याच्या हिशेबानं फोटो जरा सपाट झाला, असं अण्णांचं मत. मला मात्र त्यांच्या भिंतीवर तो नेहमीच फार आवडायचा.

त्या फोटोच्या दोन प्रती निघाल्या. तोवर रांजण तळाला गेला होता. धंद्याची रीत अशी की गिऱ्हाइकाचं काम आधी, घरचं शेवटी. त्यामुळं घरची प्रत आणि तिची काचेवरची मूळ निगेटिव्ह, दोन्ही इतरांचे फोटो धुतलेल्या पाण्यातच बुडवून काढली. त्या पाण्यात सगळ्यांचं हायपो उतरलेलं. अण्णांना हे कळत होतं. पाऊस पडला की पुन्हा नीट धुऊ, असं ते म्हणाले. पाऊस पुढच्या साली पडला. तोवर फोटो चौकटीत बसून भिंतीवर गेला होता, आणि भिंतीवरची बाई रोज घरात चालताबोलताना दिसत होती. कोण कशाला चौकट उघडतंय?

दुसरी प्रत शांतम्मांनी सरजाबाईंना दिली. अण्णांनी ती ओल्या पेपरात गुंडाळली, पेपर आमचाच, आणि सांगितलं, "गावी पाणी घावलं की लगेच धू. वाहत्या पाण्यात. वाळू देऊ नको." ती प्रत एसटीत बसून शिरूर अनंतपाळला गेली आणि अण्णा ते विसरून गेले.

शांतम्मा ऐंशीच्या उन्हाळ्यात गेल्या. तेराव्याच्या आसपास अण्णांनी फोटो नीट न्याहाळला. तो कधीपासून पिवळा पडत आला होता, पण आता कळलं की त्यात चेहरा नाही. हायपो उजळ भाग आधी खातं. आणि या फोटोत चेहरा होता सगळाच उजळ. उरले ते केस, कपाळावरचं कुंकू, दोन बुबुळं आणि लुगड्याचा गडद काठ. निगेटिव्ह काढली तर तिच्यावर तपकिरी डाग धरलेले. दुसरा फोटो नव्हता.

तुमचे आमचे फोटो ठणठणीत राहिले, कारण ते ताज्या पाण्यानं, कितीतरी तर अण्णांच्या घरच्या रांजणातल्या पाण्यानं धुतलेले होते. यावर मी जास्त बोलत नाही.

पुढं ब्याऐंशीला आपला जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, बदलीवरचे साहेब आले, कारकून आले, सगळ्यांना ओळखपत्रं हवी. स्टुडिओसमोर रांग लागली. पण अण्णांनी पडदा खिळ्याला टांगला तो टांगलाच. दुसऱ्या कुणाच्या हातात देईनात. एकाच दिव्यावर फोटो, अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात. एक कारकून भर रांगेत म्हणाला, "अण्णा, फोटो असा निघाला तर पगारबी अर्धाच देतील की हो!" सगळे हसले. अण्णांनी त्याला पुन्हा बसवलं, पुन्हा काढला, पुन्हा अर्धाच. नवे स्टुडिओ निघाले होते, दोन दिव्यांचे, रंगीत. लोक तिकडं गेले. त्यात त्यांचाही दोष नाही.

मी अधूनमधून संध्याकाळी जाऊन बसायचो. अण्णा स्टुलासमोर कॅमेरा नीट लावून ठेवायचे, गिऱ्हाईक नसताना. दिवा लावून बघायचे, बंद करायचे. एकदा विचारलं, पोरीकडं हिमायतनगरला का जात नाही? म्हणाले, "तिथं जाऊन काय सांगू नातवाला, आजी कशी व्हती? कुंकू दाखवू?"

गेल्या महिन्यात त्यांनी जायचं ठरवलं. मी चार ओळींची बातमी केली, स्टुडिओ बंद होतोय म्हणून, आणि शांतम्मांच्या फोटोचाही उल्लेख केला. ती बातमी अमृतरावांनी शिरूरच्या चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचली. बाजूला सरजाबाई बाजाराची पिशवी घेऊन एसटीची वाट बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्या बाईचा फोटू माझ्या घरी हाय की."

अमृतरावांनी मला निरोप पाठवला. मी उलटा निरोप धाडला, आधी डोळ्यांनी बघा. इतक्या वर्षांची सवय. आज त्यांनी पाहिला. आत बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली दोन फोटो शेजारी शेजारी. एक लिंबाजीचा, एक शांतम्मांचा. लिंबाजीचा पहिल्या वर्षी हैदराबादहून निरोप आला, पुढं आला नाही. लेक नांदायला गेली. सरजाबाई घरात एकट्या असतात.

अमृतरावांनी विचारलं, हा एवढा टिकला कसा?

"त्यांनी सांगितलं तसं केलं. घरणी नदीच्या पात्रात आमच्या बायांचा झिरा व्हता, येगळा. वाळूत हातभर खड्डा, त्यात बोटाएवढी धार. त्या धारेखाली धरून बसले दिवसभर. बाया म्हनल्या, येडी झाली, प्यायला पाणी न्हाई अन् कागुद धुऊन राहिली. मग मी धुतलेलं पाणी गाळून घरला नेलं अन् म्हशीला पाजलं."

मग अमृतरावांनी मुद्द्याचं विचारलं. फोटो अण्णांना द्याल का?

त्यांनी पदरानं फोटो पुसला. मग म्हणाल्या, "देणार न्हाई."

आणि थोड्या वेळानं, "मालकाशी बोलायचं सोडलं मी. तो आईकत न्हाई. ह्या बाईशी बोलते. ती हसून राहिली ना, मग बोलावं वाटतं. तिला दिऊन टाकली तर घरात कोण?"

त्या बाईकडून फोटो मागायचा अधिकार कुणाला आहे? अण्णांना आहे का? मला नाही वाटत. अण्णांनाही वाटत नाही. मघाशी हे ऐकून ते म्हणाले, "तिचाच हाय तो. शांतीनं तिला दिलाय."

पण सरजाबाईंनी अमृतरावांना दारापर्यंत पोचवताना विचारलं, "त्यांना त्याच्यावरून दुसरा काढता येतो का?"

येतो. फोटोवरून फोटो काढता येतो. मात्र त्याला उजेड दोन्ही बाजूंनी सारखा लागतो. अण्णांकडं दिवा एकच आहे. दुसऱ्या बाजूला पडदा धरावा लागणार, आणि तो कुणीतरी धरावा लागणार.

अध्यक्षमहाराज, माझी वेळ संपली आहे. संगप्पाअण्णा, या गावाचे चेहरे तुम्ही सांभाळलेत, त्याबद्दल लातूरच्या वतीनं हात जोडतो. संयोजकांनी मला बोलायला उभं केलं, त्यांचा ऋणी आहे. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली, काही शब्द जास्त गेले असतील, काही नावं राहिली असतील. अण्णांनी आणि आपण सर्वांनी ते पोटात घालावं.

पुढचं एवढंच. अण्णांनी हिमायतनगरची गाडी एक दिवस पुढं ढकलली आहे. बांधलेल्या सामानातून कॅमेरा आणि हायपोची तसराळी पुन्हा बाहेर निघाली आहेत, आणि पडदा खिळ्यावरून खाली आला आहे. शिरूरची पहिली एसटी उद्या सकाळी येईल. सरजाबाई फोटो पदराखाली घेऊन येणार आहेत आणि दुसरा निघाला की आपला घेऊन माघारी जाणार आहेत. अमृतरावांनी सकाळी दारातच त्यांना उद्या या म्हणून सांगितलं, आता नळ आहेत, सोबत काही आणायची गरज नाही. त्या म्हणाल्या, त्या वक्ताला रिकाम्या हातानं गेले व्हते. उद्या भरलेली घागर आणीन.