निरोगी गटातली बाई

दक्षिण कोरियातल्या देगूच्या इस्पितळात, पार्किन्सनच्या तपासणीखोलीबाहेर, माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा हात गुडघ्यावर थरथरत होता.

"मिरानची आई, तू त्यांच्या अभ्यासासाठी मणक्यातलं पाणी दिलंस? निरोगी म्हणून?"

"दिलं. मेलेल्या पेशींचा डीएनए त्यात सुटा तरंगतो म्हणे. तुमचा आणि निरोगी माणसाचा ताडून बघतात."

"आणि परवा किमचीचं कालवण करपून कोळसा झाला, तेव्हा तुला वास तरी आला का? माझंही नाकापासूनच सुरू झालं होतं. हे सांगितलंस त्यांना?"

"हळू बोला."

"का म्हणून हळू? खोटारडी! सगळ्या अभ्यासाची माती केलीस!"

"झाली तर झाली माती! मीही आजारी ठरले, तर तुम्हाला घास कोण भरवणार? ते डॉक्टर?"