वल्ह्यावरची तंबाखू

ऐका. अन् ए रंगू, ते टॉर्चचे चाळे बंद कर, नायतर मी उठून जाईन.

आपला गेनबा भोई. धरणाच्या पार टोकाला एकटाच राहतो. त्याची बायको सखू गेली, त्या सालची गोष्ट. दिवस मावळला, वारं सुटलं. जाळं पाण्यात. वाहून गेलं तर खायचं काय? निघाला बाबा होडी घेऊन. शेळी काठाला खुंट्याशी बांधलेली, ती तशीच राहिली.

चांदणं नाही, काही नाही. नुसतं पाणी, अन् पाण्याखाली बुडालेलं आपलं जुनं गाव. तिथं मधोमध दुसरी होडी. आत एक माणूस, तोंड दिसेना. म्हणाला, तंबाखू दे. आता आपल्यात रीत काय? रात्री होडीला होडी लावायची नाही, वल्ह्याच्या पात्यावर ठेवून पुढं करायची. गेनबानं केली. त्यानं तंबाखू घेतलीच नाही. पातंच धरलं. धरलं ते सोडेना, अन् ओढायला लागला. ओढता ओढता विचारलं,

"जेवलास का, गेनबा?"

सखू गेल्यापासून हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. गेनबाला रडू आलं. भूत आहे हे कळलं नव्हतं का? कळलं होतं. तरी वल्हं सोडवेना.

मग पाण्याखाली दिवे लागले. घराघरात. भाकरीचा वास आला, पाण्यातून! खाली त्याच्याच ओसरीवर ताट मांडलेलं, अन् वाढायला वाकलेली कोण? सखू. होडीत पाणी शिरलं, घोट्याला, गुडघ्याला. गेनबानं एक पाय बाहेर टाकलाच होता.

तेवढ्यात काठावर शेळी ओरडली. वरच्या धरणातनं पाणी सोडलेलं, ते चढत तिच्या पोटाला लागलं होतं. जीव तोडून ओरडत होती. तिला सोडवायला दुसरं होतं कोण? गेनबानं वल्हं सोडलं. हातानं पाणी मारत, रडत काठ गाठला. शेळीच्या गळ्यात पडून उजाडेपर्यंत बसला.

उन्हाळ्यात पाणी उतरलं, तेव्हा आम्ही जाऊन बघितलं. त्याच्या जुन्या ओसरीवर, पडक्या भिंतीला वल्हं टेकवून ठेवलेलं. पात्यावर तंबाखूची चिमूट. कोरडी.

म्हणून सांगते, अंधारात जुन्या गावावरून होडी घालायची नाही. कधीच नाही. अन् तेव्हापासून रोज एका घरची भाकरी गेनबाला जाते. आज पाळी तुझी ना, रंगू? मग बसलीस काय? ऊठ. अन् दारात ठेवून पळून येऊ नकोस. विचार त्याला, जेवलात का म्हणून.