मिठाराणीच्या पोटात दोन

रुचिरा : आधी मला सांगा, घोडीच्या गळ्यात हा झेंडूचा हार कुणी घातला?

वेणू : मीच घातला. ओटी पन भरली. खन, नारळ, पाच फळं. फळं तिनं खाल्ली ते ठीक, खनाला पन तोंड लावलं. मी बोटं घालून तो बाहेर काढला. चावली नाय मना. दुसऱ्या कोनाची बोटं असती ना, गेली असती.

रुचिरा : काकी, ओटी कशासाठी?

धनेश : मॅडम, कशासाठी काय विचारता? परवा तुमी पुण्याला होता तेव्हा तुमच्या हाताखालचे निनाद डॉक्टर आले, मशीन लावली, बोलले दोन दिसतात. मिठाराणीला जुळं हाय. बेलपाड्यात आमच्या आळीत घरोघर पेढे गेले. मी तर व्हिडिओ पन टाकला.

रुचिरा : निनाद आणखी काय म्हणाला?

धनेश : बोलला, रुचिरा मॅडम आल्या की लगेच बोलवा, एका तासाचाही उशीर नको. आमी बोललो, बोलवू की, त्यांचा पेढा बाजूला काढून ठेवलाय.

रुचिरा : लगेच का, ते नाही विचारलंत?

धनेश : तेवढ्या आनंदात कोन विचारतो.

वेणू : तूच सांग ना बाय. तोंड कशाला असं केलंस? तुझ्या हातानं हिची तीन बाळंतपनं झाली. तू आलीस की मना काय भ्या नसते.

रुचिरा : थांबा, आधी मी स्वतः बघते. धनेश, तिचं शेपूट बाजूला धरा. काकी, तुम्ही पुढे तोंडाशी उभ्या राहा. शाब्बास राणी, झालं हं... हो. दोन आहेत. स्क्रीनवर बघा. हा काळा गोळा एक, आणि इकडे हा दुसरा, जरा बारका. दोन्ही जिवंत, दोन्ही छान.

वेणू : बघ. मी काय बोलले.

रुचिरा : काकी, यातलं एक मला काढावं लागेल. आजच.

वेणू : काय काढावं लागंल?

रुचिरा : एक गर्भ. घोडीला जुळं झेपत नाही. दोन्ही ठेवले तर बहुतेक वेळा सातव्या-आठव्या महिन्यात दोन्ही पडतात. पूर्ण दिवस भरले तरी जन्मताना आडवे येतात, त्यात घोडीही जाते. म्हणून आम्ही इतक्या लवकर बघतो आणि दोन दिसले की एक चिमटीत धरून फोडतो. आत्ता दोघं गर्भपिशवीत मोकळे फिरतायत म्हणून एकाला बाजूला घेता येतं. उद्या-परवा जागा धरतील, शेजारी शेजारी बसले तर मला हात लावता येणार नाही.

धनेश : पन मॅडम, आमाला वाटलं तुमी शाबासकी द्याल.

रुचिरा : मला माहीत आहे धनेश. मला हे बोलताना काय बरं वाटतंय का?

वेणू : नाय करायचं.

रुचिरा : काकी...

वेणू : नाय बोलले ना. तू तुझी मशीन पुस आनि ठेव. चहा टाकते.

धनेश : आई, ऐकून तर घे. मॅडम, एक काम करा. मोकळे फिरतायत बोलता ना? मग त्यातलं एक काढून दुसऱ्या घोडीच्या पोटात घाला. आपली ती काळी काठेवाडी हाय, तिला काय काम नाय. मानसांचं करतात तसं.

रुचिरा : त्याची वेळ आधीच गेलीय. आणि गेली नसती तरी तसं शिंगरू रेसच्या घोड्यांच्या नोंदीत घेत नाहीत. आईला नर प्रत्यक्ष लागला पाहिजे आणि तिच्याच पोटातून शिंगरू बाहेर आलं पाहिजे, तरच ते पळू शकतं. जगभर हाच नियम आहे.

वेणू : नको पळू दे. आमच्या दारात उभं राहील. कडबा खाईल.

धनेश : आई, मिठाराणीचं पोर दारात उभं राहील? तूच बोलतेस, हिच्या पोटचं ते पळनारच.

वेणू : पळनारच. रुचिरा, तू हिला पळताना नाय बघितलीस. तू आलीस तेव्हा ही रिटायर होती. माझे मालक, काशिराम, जमीन सिडकोत गेली तेव्हा सगळ्या आळीनं बंगले बांधले, गाड्या घेतल्या, आनि हे पुण्याच्या लिलावातून हे वर्षाचं वासरू घेऊन आले. वासरूच बोलायचो आमी. आमचं घरानं मिठागरातलं, म्हनून नाव ठेवलं मिठाराणी. आळीतली मानसं हसली. बोलली, काशा बैल पळवायचा ते बरं होतं. पयली शर्यत महालक्ष्मीला. मी नऊवारी नेसून गेलते, सगळ्या बायका टोप्या घालून. ही सुटली ती सगळ्यात मागं. मी डोळे मिटले. ट्रेनर बोलला, ताई, डोळे उघडा, हिला तोंडावर माती उडालेली आवडत नाय, बाहेरून येईल. आनि आली. बाहेरून एकटी. सगळ्यांना मागं टाकलंन. मालक बैलांना ओरडतात तसे ओरडले, शिपाई येऊन बोलला, साहेब, इथं असं नाय करायचं. हे बोलले, घोडी माझी, घसा माझा.

धनेश : मग पुण्याचा सीझन, मग बंगळुरू. मोठ्या मोठ्या स्टड फार्मच्या घोड्यांना हरवलं हिनं. आमच्या घरातल्या कपाटात कप मावत नायत मॅडम.

रुचिरा : मला माहीत आहे. मी तिच्यामुळेच तुमच्याकडे आले. आमच्या कॉलेजात तिचा फोटो होता.

वेणू : मग बाळंतपनं. पयला नर, पाय वाकडा, पळलाच नाय, पन देवासारखा शांत. दुसरी ती लालसर, बंगळुरूला जिंकली. तिसरा जिंकला नाय पन हरल्यावर तीन दिस दाना खायचा नाय, आईचाच सोभाव. मग दोन वर्सं धरलं नाय. मना वाटलं, संपलं. आनि यंदा धरलं, ते पन दोन. आनि तू बोलतेस एक फोड. कसं करू? मना सांग, कसं करू?

रुचिरा : मी समजू शकते काकी.

वेणू : नाय समजत तुला. यो धनेश बघ. यो एकटा नाय आला. याच्या मागून दिपिका आली. माझं पोट असं झालेलं की मना पाय दिसत नसत. सरकारी दवाखान्यातल्या बाईनं मालकांना बाहेर बोलावलं, बोलली, पोरगी लय बारकी हाय, आईला त्रास हाय, पोरीला सोडायचं काय? मालक बोलले, माझ्या घरात तिघं येतील. तिनं परत विचारलं. हे परत तेच बोलले. आनि तिघं आलो. दिपिका मुठीएवढी. कापसात गुंडाळून ठेवलेली, चमच्यानं दूध. आज उलव्याला तिची पोळीभाजीची चार दुकानं हायत. मग मी कुनाच्या बोलन्याला कशी घाबरू?

रुचिरा : तुम्ही घाबरू नका. पण ऐका. तुमच्या पोटात त्या दोघांना वेगवेगळी सोय होती. बाईचं पोट दोघांना पोसू शकतं, कमी-जास्त का होईना. घोडीचं तसं नाही. तिच्या एका पोराला तिची अख्खी पिशवी लागते. सगळीकडून अन्न ओढलं तरच ते पुरं वाढतं. दोन असले की प्रत्येकाला अर्धी पिशवी. त्यात दोघं एकमेकांना टेकतात तिथून कुणालाच अन्न मिळत नाही. राणी कितीही चांगली असली तरी तिला दुसरी पिशवी कुठून आणायची?

वेणू : मी दाना दुप्पट करीन.

रुचिरा : दाणा तिच्या पोटात जाईल काकी. त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

वेणू : तू कधी बघितलंस असं? का पुस्तकात वाचलंस?

रुचिरा : बघितलंय. मी नुकती शिकून बाहेर पडले होते. एका घोडीच्या मालकानं तपासणी करून घेतली नाही, मीही आग्रह धरला नाही, पोट मोठं आहे म्हणून सगळे खूश. नवव्या महिन्यात रात्रभर घोडी उभी, मी हात घालून बसलेली. दोन्ही मेलेली निघाली. सकाळी घोडीही बसली ती उठली नाही. ते तुमच्याकडे नको व्हायला. मला तिची फार काळजी आहे, म्हणून मी इतकं कडक बोलतेय.

धनेश : आई, करू या.

वेणू : तू बोलतोस हे? तू?

धनेश : मीच बोलनार. मी जुळ्यातला हाय, म्हनून मी सांगू शकतो.

वेणू : जुळ्यातला हायस, पन कोनचा? रुचिरा, कोनचं काढशील?

रुचिरा : जे लहान आहे ते.

वेणू : बघ. यो मोठा होता, दिपिका बारकी. तू राहिला असतास धनेश. बोलायला काय जातं तुझं?

धनेश : बरोबर बोलतेस. मी राहिलो असतो. पन आई, वेळ आली असती तर बाबांनी आधी तुलाच वाचवलं नसतं का? समज, त्या बाईनं विचारलं असतं की तिघं येनार नायत, एक तर जाईलच, पोरगी की बायको. काय बोलले असते?

वेणू : नको असलं बोलू.

धनेश : राणीच्या पायाचं आठव. हिचा पाय सुजला होता, ट्रेनर बोलला होता, इंजेक्शन देतो, अजून एक मोठी शर्यत होईल, जिंकेल. सगळे बोलत होते, पळू दे. मी पन बोललो होतो. बाबा ट्रकमध्ये घालून हिला इथं नेऱ्याच्या तबेल्यात घेऊन आले, आजपर्यंत परत पळवली नाय. बोलले, शर्यती मिळतात, हिच्यासारखी घोडी मिळत नाय. तेव्हा मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाय. आज ते नायत, मी त्यांच्यासारखं बोलतोय आनि तू माझ्याशी बोलत नायस.

रुचिरा : काकी, मी पंधरा मिनिटं थांबते. तुम्ही विचार करा.

वेणू : विचार काय करायचा. तुमी दोघांनी केलाय. राहिलेलं टिकंल काय?

रुचिरा : बहुतेक टिकतं. मी हे बऱ्याच वेळा केलंय आणि माझा हात बरा आहे. खात्री देत नाही, पण मला भरवसा आहे.

वेणू : हिला दुखंल?

रुचिरा : नाही. थोडं अवघडल्यासारखं होईल. शांत राहायचं औषध देते.

वेणू : औषध दे, पन तोंड मी धरनार. घोडी राखनाऱ्या सईसाला सांग, लांब राहा. हार पन काढ बाबा, तिला टोचत असंल. चल गो माझी राणी. इकडं बघ. माझ्याकडं बघ.

रुचिरा : सुरू करते. धनेश, हात स्थिर ठेवा.

वेणू : तुला आठवतंय काय गो, पयल्या दिवशी ट्रकातून उतरलीस आनि मालकांच्या धोतराचा सोगा तोंडात धरलास. ते बोलले, हिनं मना पसंत केलं. तसंच मना बघ. काय नाय, काय नाय. मी हाय ना इथं.

धनेश : मॅडम, सापडलं?

रुचिरा : सापडलं. बारकं टोकाकडे गेलंय, चांगली जागा आहे. आता थोडं थांबा... आता.

वेणू : माझ्याकडं बघ राणी, माझ्याकडंच.

रुचिरा : झालं.

धनेश : झालं? एवढंच?

रुचिरा : एवढंच. हे बघा, इथे जागा मोकळी झाली. आणि हा मोठा, जसा होता तसा, फिरतोय. काकी, बघता का?

वेणू : बघते... हाय. फिरतोय. घर मोठं झालं त्याचं.

रुचिरा : परवा परत येते. बसला का ते पाहू. आज चालवू नका हिला, एवढंच.

वेणू : बस बाय. हात धू. पेढा तुझा ठेवलाय खरा, तो नको खाऊस आता. भाकरी हाय, सुकटीचं कालवन हाय. जेवून जा. तू चांगलं केलंस. मना राग नाय तुझा. रडायला येतंय ते वेगळं.

रुचिरा : जेवते काकी.

धनेश : आई, मी आळीत फोन करून सांगतो की एकच...

वेणू : सांगशील नंतर. फोन इकडं दे. दिपिकाचा नंबर लाव, मना नाय दिसत आता.

धनेश : काय सांगनार हायस तिला?

वेणू : लाव तू... दिपिके? मी बोलते. काय नाय गो, घोडी बरी हाय, धनेश बरा हाय. उगाच लावला. जेवलीस काय तू?