आबांच्या कॉम्प्युटरमधली दुसरी डिस्क

आमच्या आबांचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. तासगावच्या घरी कॉम्प्युटरला मी दुसरी डिस्क जोडली आणि तिच्यावर लिनक्स ही वेगळी सिस्टीम टाकली. जुन्या डिस्कवर विंडोज होतंच. मग मी कामावर साताऱ्याला आलो. दुसऱ्या दिवशी आबांचा फोन.

"आरं, माझं भाषण गेलं. पलटणीतल्या दोस्ताच्या सत्काराला आज वाचायचंय, आन् हितं सगळंच येगळं दिसतंय. तुझ्या आईनं फडकं मारलंय, तिनंच पुसलं असणार."

"आबा, काय पुसलं न्हाई. कॉम्प्युटर एकच हाय, पण आत दोन डिस्क हायत. एकीवरचं दुसरीवर दिसत न्हाई."

"म्हंजे एका घरात दोन चुली?"

"व्हय. बंद करून चालू करा, आन् विचारलं की विंडोज निवडा."

भाषण सापडलं. मी निवांत झालो.

पण मागे उभ्या असलेल्या आईनं आबांच्या तोंडून फक्त दोन चुली ऐकल्या होत्या. तिनं घाबरून आटपाडीला माझ्या सासऱ्यांना फोन लावला.

संध्याकाळी सासऱ्यांचा मला फोन आला. हळूच म्हणाले, "जावईबापू, येगळं निघायचं कवा ठरवलंसा? आमच्या पोरीलाबी काय म्हाईत न्हाई."